खिडकीतली बिऱ्हाडं

"किती दिवसांनी पाणी घालायचं?"

माझी सक्युलंट, म्हणजे पानात नाहीतर खोडात पाणी साठवणारी झाडं, पाहून लोक हे विचारतात. या प्रश्नाचं मी हल्ली सरळ उत्तर देत नाही, त्यामुळे नातेवाइकांत माझी थोडी बदनामीही झाली आहे. नर्सरीवाल्याकडे उत्तर तयार असतं: आठवड्यातून एकदा. कुंडीवर चिकटवलेल्या कागदावरही तेच छापलेलं असतं. पण आठवडा हे आपलं माप आहे, रविवार आपला आहे. ठाण्यातल्या एप्रिलच्या आठवड्याचं आणि जुलैच्या आठवड्याचं एकमेकांशी काही नातं नाही. एकात टाकीतलं पाणी नळातून चटका देत येतं, दुसऱ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. दोन्हींत झाडाला तेवढंच पाणी कसं चालेल? म्हणून मी उलट विचारते, "झाड कुठलं आहे?" लोकांना वाटतं मी नर्सरीचं नाव विचारतेय.

आमच्या हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेली ग्रिल आहे. त्या ग्रिलमध्ये आणि आतल्या कट्ट्यावर मिळून जी सक्युलंट मंडळी राहतात, ती एका गावची नाहीत. चाळीच्या एका मजल्यावर रत्नागिरीचे, मंगळूरचे आणि कच्छचे शेजारी असावेत आणि नळ मात्र सगळ्यांत एकच असावा, तसा हा प्रकार आहे. हावर्थिया दक्षिण आफ्रिकेची, तीही मोकळ्या उन्हातली नव्हे, झुडपांच्या बुडाशी अर्ध्या सावलीत वाढणारी. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगरांवरची. तिला ऊन भरपूर हवं आणि रात्री गार हव्यात. आपल्याकडे 'जेड' म्हणून बारीक गोल पानांचं जे झाड विकतात ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया असतं, आफ्रिकेतल्या हत्तींचं आवडतं खाणं. खरं जेड म्हणजे क्रासुला. त्याची पानं मोठी, जाड आणि चकचकीत. दोघंही दक्षिण आफ्रिकेतलीच असल्यामुळे ही गल्लत काळजी घेताना फारशी नडत नाही. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचं. कोरफड आपण इतकी आपली मानतो, पण तीही मुळात अरबस्तानाकडची.

या सगळ्यांत सारखं एवढंच, की पाणी मिळेल तेव्हा पानात नाहीतर खोडात साठवून ठेवायचं. ते कधी मिळणार, किती मिळणार आणि मिळाल्यावर मुळाशी किती वेळ थांबणार, याचा अंदाज प्रत्येकाच्या अंगात त्याच्या त्याच्या गावचा आहे.

पण पाण्याच्या आधी उजेड. घरातलं सक्युलंट मेलं की पंचनाम्यात कारण 'जास्त पाणी' लिहिलं जातं, आणि ते खोटं नसतं. पण त्याआधी कित्येक महिने त्याची उजेडाची उपासमार झालेली असते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण आपले डोळे आपल्याला फसवतात. लक्स हे उजेडाचं माप. निरभ्र दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीच्या कट्ट्यावर थेट ऊन नसेल तर काही हजार. तिथून चार पावलं आत, सोफ्याशेजारच्या टेबलावर, दोनशे-तीनशे. आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि आपण म्हणतो, हॉल कसा छान उजेडाचा आहे! झाडाला बाहुली नाही. फोनवर लक्स मोजणारी फुकट ॲप मिळतात. ती काटेकोर नसतात, पण कट्टा आणि टेबल यांतला फरक त्यांवर पाहिला की माणूस गप्प होतो.

आणि हा उजेड वर्षभर एका जागी बसत नाही. आमची खिडकी दक्षिणेची. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. ऊन ग्रिल ओलांडून हॉलच्या फरशीवर लोळत येतं. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळा ऐन भरात असताना दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन नसतंच, आणि पाठोपाठ ढग येतात. ज्यांची खिडकी पूर्वेची आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. सकाळचं कोवळं दोन-तीन तासांचं ऊन सगळ्यांना मानवतं. पश्चिमेचं ऊन एप्रिलमध्ये हावर्थियाला तांबूस करून सोडतं. फक्त उत्तरेची खिडकी असेल तर एचेवेरियाच्या वाटेला जाऊ नये, हावर्थिया आणि स्नेक प्लांट यांवर भागवावं. नाहीतर वाढीचा दिवा लावावा. दिवा लावण्यात मला कमीपणा वाटत नाही, फक्त तो हॉलमध्ये ऑपरेशन थिएटरसारखा दिसू नये.

उजेड कमी पडला की एचेवेरिया काय करते ते जवळून बघण्यासारखं आहे. आधी खालची पानं आडवी होतात, मग जमिनीकडे झुकतात, घागरा पसरावा तशी. मग दोन पानांच्या मधलं खोड दिसू लागतं. एरवी पानं एकमेकांना इतकी बिलगून असतात की खोड आहे हेच कळत नाही. शेंडा खिडकीकडे वळतो. बघणारा कौतुकाने म्हणतो, "वा, किती वाढलंय!" ते वाढलेलं नाही, उजेड शोधत ताणलं गेलंय. आणि एकदा ताणलेलं खोड नंतर कितीही ऊन दाखवलं तरी आखूड होत नाही. मग धारदार पात्याने शेंडा कापायचा, कापलेली बाजू सुकून तिच्यावर खपली धरेपर्यंत चार-सहा दिवस सावलीत तसाच ठेवायचा आणि मग कोरड्या मातीवर बसवायचा. मुळं फुटल्यावर पाणी. उरलेल्या बुंध्यालाही बाजूने पिल्लं फुटतात, त्यामुळे तो टाकायचा नाही.

खालची पानं निघाली असतील तर तीही एका ताटलीत ठेवावीत. पान देठापासून अख्खं निघालेलं हवं, अर्ध्यातून तुटलेलं चालत नाही. काही आठवड्यांनी देठाच्या टोकाला दोऱ्याहून बारीक गुलाबी मुळं येतात, हवेतच, आणि त्यांच्या बुडाशी खसखशीएवढा हिरवा ठिपका. भिंगातून पाहिलं तर त्या ठिपक्याला पाकळ्यांसारखी पानं मोजता येतात, आईची हुबेहूब घडण. मूळ पान मात्र रोज थोडं थोडं आकसत जातं, कारण ही सगळी उठाठेव त्याच्या पोटातल्या पाण्यावर चाललेली असते. ते पूर्ण वाळून कागद झाल्याशिवाय ओढून काढू नये. आणि एचेवेरियाच्या पानांवर जी पांढरट भुकटी असते ती धूळ नव्हे. ते मेणाचं पांघरूण आहे, उन्हापासून वाचवणारं. ओल्या फडक्याने पानं पुसणाऱ्या माणसांना माझ्या खिडकीजवळ येऊ देत नाही, कारण एकदा उमटलेला अंगठ्याचा ठसा त्या पानावर कायमचा राहतो.

या झाडांचं खरं कामकाज रात्री चालतं. साधं झाड दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, पण छिद्रं उघडली की पाण्याची वाफही बाहेर जाते. वाळवंटी उन्हात हा सौदा परवडत नाही. म्हणून बहुतेक सक्युलंट दिवसा दारं लावून घेतात आणि गार रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा उजेड आला की बंद दाराआड त्याची साखर करतात. गंमत म्हणजे हे आम्ल जिभेला कळतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ओळखीच्या पानफुटीची पानं चाखली होती. सकाळी ती आंबट लागतात, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट, असं त्याने १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेतल्या लॅम्बर्टना पत्राने कळवलं. दोन वर्षांनी ते छापूनही आलं. मी पोर्टुलाकारियाचं पान असं चाखून पाहिलंय. सकाळचं पान चुक्याच्या जवळ जातं, संध्याकाळी तो तोरा उतरलेला असतो. (पानफुटी मुतखड्यावर म्हणून खाणारे लोक आहेत. मी कुणाला तो सल्ला देणार नाही.)

हे कळल्यावर दोन गोष्टींचा उलगडा होतो. एक म्हणजे 'स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा' ही नर्सरीतली जाहिरात. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो, मग झाड कुठलंही असो. हवा शुद्ध करण्याची कथा नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून निघाली, आणि ते प्रयोग हवाबंद पेट्यांमधले होते. अशा सगळ्या प्रयोगांचा २०१९ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं असं, की उघड्या दारा-खिडक्यांतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आमच्या बेडरूममध्ये तेवढी झाडं भरली तर आम्हाला ग्रिलमध्ये झोपावं लागेल. स्नेक प्लांट दिसायला देखणं आहे आणि कोपऱ्यात निमूट राहतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दुसरा उलगडा पुण्याचा. माझ्या पुण्याच्या मावशीच्या गॅलरीत एचेवेरिया डिसेंबरात कडेने गुलाबी होतात, घट्ट मिटतात, आणि ती फोटो पाठवून मला छळते. तेच रोप ठाण्यात फिकट हिरवं राहतं. माती तीच, नर्सरी तीच. फरक रात्रीचा. दारं रात्री उघडणाऱ्या झाडाला रात्र गार मिळाली तर ते निवांत उघडतं. पुण्यात थंडीतली पहाट दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. आमच्याकडे थंडीतही रात्र तेवढी गार होत नाही, आणि मे महिन्यात तर रात्रीही पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली येत नाही आणि हवेत पाणी भरलेलं. अशा रात्री ते झाड कसंबसं दिवस ढकलत असतं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी मेक्सिकोच्या डोंगरातल्या झाडाकडून पुण्याची अपेक्षा करू नये, हे मला पटायला वेळ लागला नाही. मावशीला अजून वाटतं, मी खत कमी घालते.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतला असतो: हिवाळ्यात पाणी तोडा, झाडं झोपतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यांचा सगळ्यात सुखाचा काळ. ऊन तिरकं आणि लांबवर आत, हवा कोरडी, रात्री बऱ्या. कुंडी बदलायची, पिल्लं वेगळी करायची, थोडं पातळ खत द्यायचं ते तेव्हाच. पाणी तोडायचं ते पावसाळ्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या कारू नावाच्या कोरड्या प्रदेशातून यांतली काही मंडळी आली तिथे वर्षभरात जेमतेम दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. घरात थेट पाऊस येत नाही हे खरं, पण हवाच इतकी ओली असते की कुंडीतलं पाणी उडून जायला जागा नसते. एप्रिलमध्ये दोन दिवसांत कोरडी होणारी माती जुलैत पंधरा दिवस ओलसर राहते.

मी कॅलेंडर पाहत नाही, अगरबत्तीची जळून उरलेली काडी पाहते. ती कुंडीत तळापर्यंत खुपसायची आणि काढून बोटांनी चाचपायची. माती चिकटली किंवा काडी गार लागली तर पाणी नाही. सवय झाल्यावर काडीही लागत नाही, कुंडी उचलली की वजनावरून कळतं. आणि पाणी द्यायचंच तेव्हा भोकातून वाहून जाईपर्यंत द्यायचं. रोज चमचा चमचा नव्हे. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. पावसाळ्यात तर मी ताटल्या काढूनच टाकते आणि फरशीवर डाग पडतात म्हणून बोलणी खाते.

बोलणी खायची वेळ आमच्याकडे सकाळी तुळशीच्या पाण्यानंतर येते. सासूबाई तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन खिडकीशी थबकतात.

"अगं, याची पानं बघ कशी सुरकुतलीत. तहानलंय ते."

"राहू द्या आई, उद्या बघू."

"तुझं उद्या कधी येणार!"

पान सुरकुतलं म्हणजे तहान, हे त्यांचं निदान बरोबर असतं. तहानलेल्या झाडाची खालची पानं पातळ होतात, मऊ चामड्यासारखी वाकतात, पण रंग टिकतो आणि पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा फुगतात. मूळ कुजलेल्या झाडाचीही पानं मऊ पडतात; पण ती पिवळट, आरपार दिसणारी, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी होतात आणि बोट लावताच गळतात. त्या वेळी पाणी घातलं की खेळ खलास. त्यामुळे मऊ पान दिसलं की आधी रंग बघायचा, मग तांब्या उचलायचा. हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या कोरफडीला कधी कुणी एवढं बघितलं नाही," आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांची कोरफड तेलाच्या जुन्या डब्यात, गच्चीच्या जिन्यात, माजली आहे.

मातीचा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण प्रत्येकाची स्वतःची पाककृती असते आणि भांडणं होतात. आपली काळी माती यांना अजिबात चालत नाही. ती पाणी धरून बसते आणि सुकली की सिमेंट होते. मी एक वाटा कुजलेलं पानखत आणि दोन वाटे खडबडीत काहीतरी घेते: चाळून घेतलेले विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू, नाहीतर नर्सरीत मिळणारं सिंडर, म्हणजे जळक्या कोळशाचे खडे. विटांची पूड नव्हे, तुकडे. कुंडी मातीची, भोकाची, आणि झाडापेक्षा थोडीशीच मोठी. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपायचा, आणि मुळांशीही तो असू शकतो हे विसरायचं नाही. रात्री हॉलचा पंखा हळू चालू ठेवला तर हे सगळं बरंच कमी होतं. विजेचं बिल आमच्या ह्यांना दाखवू नये.

ओलाव्याची इतकी धास्ती घेतल्यावर सह्याद्रीत गेलं की माणूस चक्रावतो. आपल्या कड्यांवर आपलीच सक्युलंट आहेत आणि ती भर पावसात आनंदात असतात. माळरानावर झुडपांच्या आडोशाने उगवणारं माकडशिंग, चौकोनी खोडाचं, गुराख्यांच्या पोरांनी तोडून खाल्लेलं. आणि शिंदळ माकुडी, जगात फक्त महाराष्ट्रात सापडणारी. शिवनेरीच्या कड्यावर ती लोंबते. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव तिला दिलं, फ्रेरिया इंडिका. पावसाळ्यात तिच्या मांसल खोडाला पानं येतात, पावसाच्या शेवटाला चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं, गडद लाल फूल आणि त्यावर पिवळे ठिपके. कोरडे महिने आले की पानं टाकून ती नुसत्या खोडावर राहते. म्हणजे आमच्या खिडकीतली मंडळी ज्या चार महिन्यांत जीव मुठीत धरून बसतात, त्याच चार महिन्यांत हिचा सण.

मग पावसाने नक्की काय बिघडतं? शिंदळ माकुडी उभ्या कातळाच्या फटीत मूठभर मातीत असते. कितीही कोसळलं तरी पाणी क्षणभर थांबत नाही, आणि दिवसभर वारा. ढग असले तरी उघड्या कड्यावरचा उजेड आमच्या कट्ट्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त. पाणी, वारा आणि उजेड तिला एकत्र मिळतात. आपण घरात पाणी देतो आणि बाकीचे दोन राहून जातात. हे लक्षात आल्यापासून मी जुलैत 'पाणी किती' याची काळजी कमी आणि 'वारा कुठून' याची जास्त करते. कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे घेतल्या, खिडकीची काच दिवसा अर्धी सरकवून ठेवली, दाटीवाटी मोडली. शिंदळ माकुडी घरी आणायची नाही, हे सांगायला नको. ती दुर्मीळ आहे आणि तिची जागा कड्यावरच. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाची गोट्यांएवढी सक्युलंट गेल्या काही वर्षांत ऑनलाइन गिऱ्हाइकांपायी डोंगरच्या डोंगर खरवडून पळवली गेली. नर्सरीत पिल्लांपासून वाढवलेलं रोप मिळत असताना रानातलं कशाला?

नर्सरीतलंही सगळं घेऊ नये. निळा, जांभळा, सोनेरी रंग फवारलेली एचेवेरिया दिसते, तिचं पान रंगाखाली गुदमरलेलं असतं. निवडुंगाच्या डोक्यावर गोंदाने वाळलेली फुलं चिकटवतात. काढताना सालटं निघतं. हिरव्या खांबावर लाल-पिवळा गोळा बसवलेला 'मून कॅक्टस' हा दोन झाडांचा कलमी जोड; वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, तो खालच्याच्या जिवावर जगतो आणि काही वर्षांत जोड तुटतोच. आणि काचेचे बोल, म्हणजे वाडगे. खाली भोक नाही, वरून रंगीत वाळूचे थर, मधोमध तीन वेगवेगळ्या गावांची झाडं कोंबलेली.

गेल्या जूनमध्ये नणंदेचा फोन आला. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं जुलैत ठरलं होतं.

"वहिनी, तुमच्या ओळखीची नर्सरी आहे ना? येणाऱ्यांना सक्युलंटच देऊ या म्हणतेय, काचेच्या बोलमध्ये. इको-फ्रेंडली."

"जुलैत? गणपतीपर्यंतसुद्धा टिकायची नाहीत गं."

"सांगू की सगळ्यांना, आठवड्यातून एकदा पाणी घाला म्हणून."

मी पर्याय सुचवला: प्रत्येकाला कागदात गुंडाळून पानफुटीचं एक एक पान. कुठेही टाकलं तरी कडेने पिल्लं फुटतात, बारशाला याहून समर्पक काय असणार, आणि खर्च शून्य. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, विहीणबाईंना विचारून कळवते.

स्टीलचे डबे वाटले. चांगले जाड बुडाचे आहेत, झाकणही घट्ट बसतं. माझ्या वाट्याच्या डब्यात चाळलेल्या विटांचे तुकडे भरून ठेवलेत. आईंना वाटलं साबुदाणा आहे, त्यांनी काल उघडून पाहिला.